गेल्या चाळीस वर्षांत घरातला आवाज खरंच सुधारला का?

नौपाडाकर (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:४०

आमची नौपाड्यातली इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, म्हणून गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला भाड्याच्या टू बीएचकेत आलो. सामान लावताना एकच भांडण झालं, ते बाबांच्या स्टिरिओवरून. १९८६ साली त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेट: अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि मांडीला लागतील एवढे दोन लाकडी स्पीकर, प्रत्येकात बारा इंची वूफर. त्या वर्षीचा अख्खा बोनस त्यात गेला आणि आई दोन महिने धड बोलली नव्हती. आजही विषय निघाला की लाटणं जरा जोरात आपटतं.

चिरंजीवांचं म्हणणं, हे भंगारात द्या, टीव्हीखाली साउंडबार लावू, त्यात डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे, म्हणजे आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटतो. बाबा म्हणतात चाळीस वर्षांत आवाज काडीचा सुधारलेला नाही, डबा लहान झाला एवढंच. मी मधे. ज्याचं ऐकतो त्याचं पटतं.

तर प्रश्न असा. सोय बाजूला ठेवा. ब्लूटूथ, रिमोट, बोलून गाणं लावणं, काही नको. फक्त कानापर्यंत जे पोचतं त्यात खरी प्रगती कुठली आणि खोक्यावर छापलेली कुठली?

सानपाडा_लोकल, ९:४४

चहा घेऊन बसलोय. वायरींचा विषय किती प्रतिसादांनी निघतो बघू. माझा अंदाज: तिसरा.

रेकॉर्डतोड, १०:०२

बाबांना माझा नमस्कार सांगा. शंभर टक्के बरोबर आहेत. चांगली एलपी, चांगली सुई आणि स्पीकरला जाड तांब्याची वायर, यापुढे जे आलं ते सगळं सोयीसाठी आलं. माझ्याकडे कोपरीत १९७० च्या दशकातल्या नाट्यसंगीताच्या एलपी आहेत. पाहुणे ऐकतात आणि गप्प होतात. मोबाइलवरचं ऐकून कोणी गप्प झालेलं पाहिलंय का?

आणि ते स्पीकर भंगारात देऊ नका. मी टेंपो घेऊन येतो.

सानपाडा_लोकल, १०:०३

दुसरा! मीच चुकलो.

ओहमकार, ११:१५

चांगला धागा. मी ऐरोलीला इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आवाज कानापर्यंत येतो तो साखळीतून: रेकॉर्डिंग, माध्यम, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, खोली, कान. 'सुधारलं का' हे प्रत्येक कडीला वेगळं विचारावं लागतं.

माध्यम. कॅसेटची टेप पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. फिलिप्सने १९६३ मध्ये आणली, आणि त्यांच्या डोक्यात तेव्हा संगीत कमी, डिक्टेशन जास्त होतं. तिची खरखर हा आपल्या सगळ्यांच्या बालपणाचा आवाज आहे. डॉल्बी बी ने वरच्या पट्टीतली खरखर साधारण १० डेसिबलने खाली आणली, ती खरी प्रगती होती. मग ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला आला. १६ बिट, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंत सगळं. माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही, आणि तेही लहानपणी. ज्या दिवशी ती तबकडी बाजारात आली त्या दिवशी माध्यमाचा प्रश्न संपला. पुढचे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे स्टुडिओत उपयोगी आहेत, कारण तिथे मिक्सिंग करताना मोकळी जागा लागते. घरी ऐकताना नाही.

अ‍ॅम्प्लिफायर. तोही तेव्हाच सुटला होता. आज फरक पडला तो किमतीत आणि उष्णतेत. क्लास डी मुळे (यात ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद होतात) नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला जाते, म्हणून तळहाताएवढी डबी पन्नास वॅट देते आणि तापत नाही. बाबांच्या अ‍ॅम्पवर हिवाळ्यात मांजर झोपत असणार.

स्पीकर. इथे गंमत आहे. कॉइल, चुंबक, कागदी शंकू ही रचना राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली, ती अजून तीच आहे. पण कुठल्या वूफरला किती मोठं खोकं लागेल हे पूर्वी सुतार आणि अंदाज मिळून ठरवायचे. थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये आणि पाठोपाठ सत्तरच्या दशकात स्मॉलने त्याचं गणित बसवलं. नंतर फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये लोकांना पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकवले आणि कुठलं माप कानाला पटतं ते शोधलं. समोर सपाट आणि बाजूलाही तसाच गुळगुळीत आवाज टाकणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो, मग तो कोणाचाही असो. आज कमी पैशातही असा स्पीकर निघू शकतो, कारण कुठे बघायचं ते आता माहीत आहे. मला विचाराल तर गेल्या चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी प्रगती ही. ती खोक्यावर छापत नाहीत.

खोलीबद्दल उद्या. बायको दिवा बंद करा म्हणतेय.

खारघरचा_खवय्या, ११:२१

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मांजरासाठी खास +१.

तारषड्ज, रविवार सकाळी ७:५०

ओहमकार, माध्यमाचा प्रश्न १९८२ ला संपला असेल, पण नंतर आपण तो परत काढला ना! माझी परीक्षा तानपुऱ्याची. जवारी (घोडीवर तार घासून येणारी झणझण) नीट लागलेला तानपुरा म्हणजे नुसता सा आणि प नव्हे, त्यावर आणखी सूर तरंगत असतात, एका तारेतून दुसरीत वितळत जातात. कॅसेटवर ते खरखरीखाली बुडायचे. सीडीवर पहिल्यांदा दोन तानपुरे डावी-उजवीकडे वेगवेगळे ऐकू आले तेव्हा मी विष्णूनगरच्या घरात एकटीच हसले होते. मग आली एमपी३. एका सीडीत दीडशे गाणी, स्टेशनबाहेर पन्नास रुपयांत. १२८ केबीपीएसमध्ये, म्हणजे फार दाबलेल्या फाइलमध्ये, तोच तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा. आमच्या क्लासमधल्या मुली त्या आवाजावर वाढल्या. खरा तानपुरा पहिल्यांदा ऐकला तेव्हा एकीने विचारलं, "ताई, हा एवढा झणझणतो का?"

म्हणजे प्रगती एका रेषेत जात नाही. पुढे दोन, मागे एक.

रेकॉर्डतोड, ९:१०

तारषड्ज ताई, हेच तर! डिजिटलने जवारी मारली.

तारषड्ज, ९:२६

मी तसं म्हटलेलं नाही हं. सीडीने जवारी दिली. स्वस्ताईने मारली. आता स्ट्रीमिंगवर चांगल्या दर्जाचं लावलं तर परत ऐकू येते. एलपीवर पहिल्या पाच मिनिटांच्या आलापात टकटक, चरचर. माफ करा, पण मंद्र सप्तकातला हळू लावलेला सूर आणि त्यावर धुळीचा कण, मला नाही सहन होत.

वाशी_सेक्टर_१७, ११:३०

आम्ही यावरून एक उद्योग केला होता, सांगतो. तिघे मित्र, तिघेही चाळिशी ओलांडलेले आणि तिघांच्याही बायका माहेरी. माझा सात-आठ हजारांचा छोटा क्लास डी अ‍ॅम्प विरुद्ध मित्राचा दीड लाखाचा. स्पीकर एकच. मल्टीमीटर लावून दोन्हीकडून स्पीकरला जाणारा व्होल्टेज सारखा केला. हे फार महत्त्वाचं. आवाज किंचित मोठा असला तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाहीत, 'चांगला' म्हणतात. दुकानातली निम्मी विक्री त्यावर चालते.

तिसऱ्याने चादरीमागे बसून नाणं उडवायचं आणि स्विच करायचं. १६ फेऱ्या. १२ किंवा जास्त बरोबर आल्या तर मानायचं की फरक कळतो, कारण नुसत्या नशिबाने तेवढ्या यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी. दीड लाखवाल्याला ७ आल्या. मला ९. तो म्हणाला चादरीमुळे. चादर काढून डोळे बांधले. परत ८.

खरी मजा पुढे. शेवटी चादरीमागच्याने खोडी काढली आणि स्विच न बदलताच विचारलं, "आता?" दीड लाखवाला म्हणाला, "हां, आता बघ कशी स्टेज उघडली!" (स्टेज म्हणजे गायक-वादक समोर पसरून बसल्याचा भास.) तेव्हापासून आमच्यात कोणी नवीन शर्ट घातला तरी स्टेज उघडते.

खारघरचा_खवय्या, ११:३४

मेलो. 😂 मित्र अजून बोलतो का?

वाशी_सेक्टर_१७, ११:४१

बोलतो. अ‍ॅम्प विकला नाही. म्हणाला दिसायला छान आहे. ते मात्र खरं आहे.

रेकॉर्डतोड, दुपारी १२:१५

अशा घाईच्या चाचण्यांत बारीक फरक हरवतात. माझ्या बावीस हजारांच्या केबलचा फरक मला आठवड्याने जाणवला. रोज भात खाणाऱ्यालाच तांदूळ बदलल्याचं कळतं.

ओहमकार, १२:५०

मग आठवडाभर घ्या. कोणीतरी रोज केबल बदलेल किंवा बदलणार नाही, तुम्ही वहीत लिहायचं. मी ऐरोलीहून येतो, जेवणाचं मात्र बघा.

मोठी चाचणीही झालेली आहे. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. भारीतल्या एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा (सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणाऱ्या तबकड्या) आवाज मधेच सीडीच्या १६ बिटांतून काढला आणि विचारलं, ओळखा. ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर. म्हणजे छापा-काटा.

रेकॉर्डतोड, १:०५

त्यातल्या बऱ्याच डिस्क मुळात साध्या रेकॉर्डिंगवरूनच बनवलेल्या होत्या असा आक्षेप आहे, तो सांगायला विसरलात. वाचतो आम्हीही. जेवण मंजूर. बोंबील चालतात ना?

ओहमकार, १:०७

आक्षेप रास्त आहे. बोंबील धावतात.

हेमाडपंती, ३:३०

माझ्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावला की तापायला अर्धा मिनिट, तेवढ्यात घर गोळा व्हायचं. एक स्पीकर, मोनो. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसायचे. आता प्रत्येकाच्या कानात एकेक बोंडूक आणि घरात शांतता. त्याला तुम्ही प्रगती म्हणा. इथे तांत्रिक बोलायचं आहे हे कळलं, तरी लिहिलं.

अवांतर: तलावपाळीला दिवाळी पहाटेला जाऊन बघा. गायिका पन्नास फुटांवर, स्पीकरची भिंत पाच फुटांवर. शेजारच्या माणसाला 'सरका' म्हणायला मोबाइलवर टाइप करावं लागलं.

मिक्सरवाला, ५:००

पाचपाखाडीत छोटा स्टुडिओ आहे, वीस वर्षं हेच करतो. तुम्ही सगळे शेवटच्या कड्यांवर भांडताय, पहिली सोडून.

९६ डेसिबल दिले, ठीक. वापरले का? नव्वदच्या दशकापासून प्रत्येक निर्मात्याला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. मग हळू भाग वर ओढायचे, मोठ्यांची डोकी कापायची. ढोलकीची थाप आणि गायकाचा उसासा एकाच उंचीवर. मी स्वतः केलंय, पैसे घेऊन केलंय. त्यामुळे रेकॉर्डतोड यांचे पाहुणे गप्प होतात ते खोटं नाही. जुन्या एलपीवरचं गाणं खरंच जास्त श्वास घेतं, आणि नवीन रीमास्टर केलेल्या (जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने शेवटचा हात फिरवलेल्या) डिजिटल आवृत्तीत कधीकधी त्याचा गळा आवळलेला असतो. मात्र श्रेय तबकडीचं नाही, मास्टरिंग करणाऱ्याच्या हाताचं. तोच हात सीडीवर ठेवला की तिथेही तेच.

आता स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे ओरडण्याचा फायदा कमी झाला. ही मला खरी सुधारणा वाटते. अर्थात निर्माते अजून फोन करतात, "दादा, थोडं पंची करा."

रेकॉर्डतोड, ५:२०

हे पटलं. (सानपाडा, स्क्रीनशॉट काढू नका.)

सानपाडा_लोकल, ५:२१

काढला.

कासारवडवली_क्रॉसिंग, रात्री १०:४५

नौपाडाकर, घोडबंदरला स्वागत. तुम्हाला या धाग्याचं उत्तर लवकरच कळेल. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. माझ्या बाल्कनीत आत्ता मोबाइल ६८ दाखवतोय, कंटेनर जाताना ८० च्या वर. अशा ठिकाणी तानपुऱ्याचे तरंगणारे सूर म्हणजे अफवा. आमच्याकडे आवाजात एकच खरी प्रगती झाली: दुहेरी काचेची खिडकी. अ‍ॅम्पच्या पैशात बसवली. बायकोने पहिल्यांदा माझ्या छंदाला मान दिला.

ओहमकार, सोमवार रात्री ९:३०

आता खोली. वरच्याचं म्हणणं मूळ मुद्द्याला धरूनच आहे.

साधारण ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त वाजते. दोन समांतर भिंतींत लाट अडकते. दहा फूट अंतराला ती ५६ हर्ट्झला घुमते. बिल्डरने दिलेली दहा बाय दहाची बेडरूम असेल तर लांबी-रुंदी दोन्ही ५६ लाच, म्हणजे घुमणं दुप्पट. वर नऊ फुटांचं छत ६३ ला. तबल्याचा डग्गा त्याच वस्तीतला. मग डग्ग्याची मींड एका ठिकाणी फुगते आणि पुढे गायब होते, आणि आपण म्हणतो अ‍ॅम्प बदलू.

इथे मात्र नवीन काळ खरोखर पुढे आहे. मायक्रोफोनने खोली मोजून फुगलेल्या जागा डीएसपीने (आवाजावर गणित करणाऱ्या चिपने) खाली दाबता येतात. १९८६ मध्ये घरात हे शक्य नव्हतं. खड्डे मात्र भरता येत नाहीत, त्यासाठी स्पीकर नाहीतर माणूस हलवावा लागतो. फुकटात.

नौपाडाकर, तुमचे स्पीकर कुठे आहेत?

नौपाडाकर, १०:००

कोपऱ्यात. एकावर फुलदाणी, दुसरा शोकेस आणि भिंतीच्या फटीत घुसवलाय. सोफा मागच्या भिंतीला टेकून.

ओहमकार, १०:०२

🙏

रेकॉर्डतोड, १०:०४

फुलदाणी आधी काढा. वूफरची कड फोमची आहे का बघा. आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत कुरकुरतो. रबर किंवा कापड असेल तर भाग्यवान. टेंपो तयार आहे.

खारघरचा_खवय्या, १०:३०

माझे दोन पैसे साउंडबारवर. आमच्या जुन्या डब्बा टीव्हीला पुढच्या बाजूला बऱ्यापैकी स्पीकर होते. मग टीव्ही पापडासारखा झाला आणि स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून बसले. मालिकेतली सासू काय म्हणाली ते ऐकू येईना. मग त्याच दुकानात साउंडबार. आधी वरणातलं मीठ काढायचं, मग मिठाची पुडी वेगळी विकायची. त्यातून अ‍ॅटमॉसच्या बारमधला आवाज छतावर आपटून खाली यायला हवा. आमच्या छताला पंखा आहे.

मिक्सरवाला, १०:४८

सिनेमासाठी अ‍ॅटमॉस खोटं नाही हं, खरे स्पीकर छताला लावले तर मजा येते. एका पट्टीतून सगळं मागितलं की तिची दमछाक होते. पण संवाद ऐकायला बार उत्तमच.

नेरूळची_आजी, मंगळवार पहाटे ५:४०

मी एकाहत्तर वर्षांची आहे. सगळा धागा वाचला. कान ही शेवटची कडी ओहमकार यांनी पहिल्याच दिवशी लिहिली आणि त्यानंतर कोणी तिच्याकडे फिरकलं नाही.

नौपाडाकर, तुमच्या बाबांचं वय किती? चाळीस वर्षांत सुधारणा नाही असं ते म्हणतात, पण त्यांचे कान चाळीस वर्षांनी जुने झालेत, त्याचं काय? वरचे सूर आधी जातात. मला चिमणी, कुकरची बारीक शिट्टी आणि 'स' व 'श' मधला फरक ऐकू येईनासा झाला तेव्हा मी टीव्हीला नावं ठेवत होते.

माझ्यासाठी प्रगती म्हणजे कानामागचं डिजिटल यंत्र. पण तेही गाण्याला सुरुवातीला वैरीच होतं. ते बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं समजतं. तानपुरा त्याला पंखा वाटायचा, दाबून टाकायचं! पेटीचा लांब सूर ही आपलीच शिट्टी समजून ते थरथरायचं. ऑडिऑलॉजिस्टला सांगून संगीताचा वेगळा प्रोग्राम घालून घेतला, त्यात हे दाबणं बंद असतं. हे आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

तारषड्ज, ७:३०

आजी, "तानपुरा त्याला पंखा वाटायचा" हे मी वर्गात सांगणार आहे.

ओहमकार, ८:१५

चूक मान्य. साखळी लिहिली आणि शेवटच्या कडीशी पोचलोच नाही.

नौपाडाकर, तीन आठवड्यांनंतर, रविवार रात्री ८:२०

धागा वर आणतोय, कारण हिशेब द्यायचा आहे.

फुलदाणी काढली. (आईने ती फ्रिजवर ठेवली, आता फ्रिज वाजतो.) स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर, सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे. मोबाइलवरून खालून वर चढणारा सूर वाजवला. पूर्वी एका ठिकाणी शोकेसमधल्या कपबशा नाचायच्या, आता थोड्या डुलतात. कड कापडी निघाली. लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने आतले कपॅसिटर बदलले. कॅसेट डेकचा रबरी पट्टा चिघळून डांबर झाला होता, तो तूर्त पडून आहे. मुलाने जुन्या अ‍ॅम्पला छोटं ब्लूटूथचं खोकं जोडलं. आता तोच म्हणतो, बेस भारी आहे.

बाबा ७९ वर्षांचे. आजींचं वाचून दाखवलं, तर आधी रागावले. मग तपासणीला आले. वरच्या पट्टीत बरंच गेलंय. यंत्र घेतलं, संगीताचा प्रोग्राम हट्टाने मागून घेतला. परवा त्यांचा आवडता मारवा लावला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागे तानपुरे दोन आहेत." तीस वर्षं ऐकलेलं रेकॉर्डिंग. मग म्हणाले, "आणि तुझ्या आईचा मिक्सर बंद कर." मग घोडबंदर रोड ऐकू आला आणि यंत्र काढून डबीत ठेवलं. आता फक्त रात्री अकरानंतर लावतात. खालच्या मजल्यावरच्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

चाळीस वर्षांत काही सुधारलं नाही हे मत मात्र कायम आहे. यंत्राबद्दल विचारलं तर म्हणाले, ते वेगळं, ते औषध.

नेरूळची_आजी, ८:५५

डबीत ठेवायचं नाही म्हणावं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. रोज थोडं थोडं, रस्त्यासकट.

कासारवडवली_क्रॉसिंग, ९:०२

खिडकीवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रेकॉर्डतोड, ९:०५

म्हणजे टेंपो रद्द?

नौपाडाकर, ९:०६

टेंपो रद्द. डेकचा पट्टा मिळाला तर आणा. तुमच्या केबल-चाचणीचं काय झालं?

ओहमकार, ९:१२

वहीत पाच दिवस भरलेत. बोंबील दोनदा झाले. निकाल त्यांनी जाहीर करायचा असं ठरलंय.

रेकॉर्डतोड, ९:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सानपाडा_लोकल, ९:३१

काढायच्या आधी वाचला. 🤐

नवा_पाहुणा_२२, ११:५८

धागा पूर्ण वाचला नाही. पंधरा हजारांत चांगला साउंडबार सुचवा. अ‍ॅटमॉस पाहिजे.